कोठी आणि कीर्द

लखनौत येऊन स्थिरावलेल्या मराठी माणसाला ज्या शब्दांनी प्रथम चकविले असेल, त्यांत ‘कोठी’ हा शब्द खचित असेल. आपल्याकडे कोठी म्हणजे धान्य ठेवण्याची जागा. लग्नकार्यात ‘कोठीवर कोण बसणार?’ हा प्रश्न मुहूर्ताइतकाच महत्त्वाचा असतो, आणि कोठीची किल्ली जिच्या कमरेला ती घरची खरी कारभारीण समजली जाते. इकडे मात्र कोठी म्हणजे हवेली. दिलकुशा कोठी, बिबियापूर कोठी, कोठी फरहत बक्ष ही नावे ऐकून नव्याने आलेल्या आपल्या आजी-मावश्यांनी ‘एवढे धान्य ठेवीत तरी कोणासाठी?’ असे विचारले असेल, तर त्यात नवल नाही.

याच्या उलट दुसरा एक शब्द आहे. पन्हाळगडावरील धान्यकोठारांना ‘अंबरखाना’ म्हणतात. पुष्कळांना हे नाव आकाशवाचक वाटते, परंतु तो फारसी ‘अंबार’ म्हणजे ढीग, रास या शब्दाचा अपभ्रंश होय. लखनौच्या बोलीत ढिगाला आजही अंबार म्हणतात. म्हणजे आपला शब्द इकडे येऊन वाडा झाला आणि इकडे कानी पडणारा शब्द आपल्या गडावर जाऊन कोठार झाला!

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी विषय शोधीत असताना या दोन शब्दांनी आम्हांला दोन इमारतींपर्यंत नेऊन पोहोचविले. एक कोल्हापूरजवळच्या पन्हाळा या लहानशा गावातील अंबरखाना, आणि दुसरी आपल्या लखनौची रेसिडेन्सी, म्हणजेच इथल्या जुन्या लोकांची ‘बेलीगारद’. दोन्ही ठिकाणी सरकारी कचेरी होती. दोन्ही ठिकाणी धान्याचा मोठा साठा होता. दोन्ही ठिकाणांनी कित्येक महिन्यांचा वेढा सोसला. परंतु साठवलेल्या धान्याची हकीकत दोन्हीकडे सारखी नाही. ती का नाही, हे सांगावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पन्हाळा कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरांवर आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळी, बाराव्या शतकाच्या अखेरीस, हा किल्ला नांदता झाला. पुढे तो बहामनींकडे व त्यांच्यामागून विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. अफजलखानाच्या वधानंतर अवघ्या काही दिवसांत, नोव्हेंबर १६५९ मध्ये, शिवाजी महाराजांनी तो घेतला. आज पन्हाळा हे तालुक्याचे ठिकाण आहे. नगरपरिषद असलेल्या राज्यातील अगदी लहान गावांत त्याची गणना होते. कविवर्य मोरोपंत १७२९ साली याच गावी जन्मले.

गडाच्या मध्यावर, खंदकांनी वेढलेला जो भाग पूर्वी बालेकिल्ला होता, तेथे हा अंबरखाना आहे. गंगा, यमुना व सरस्वती अशी त्याच्या तीन कोठारांची नावे. बांधणी विजापुरी धाटणीची आहे. गंगा कोठी सर्वांत मोठी. तिने सुमारे १०,००० चौरस फूट जागा व्यापली असून उंची सुमारे ३५ फूट आहे. आत सोळा खण असून प्रत्येक खणाला स्वतंत्र घुमटी छत आणि प्रत्येक छताला माथ्यावर एक भोक आहे. बाहेरच्या अंगाला दोन्ही बाजूंनी जिने थेट गच्चीवर जातात. हमालाने पोते खांद्यावर घेऊन जिना चढावा, गच्चीवरच्या भोकातून धान्य खाली ओतावे आणि दुसऱ्या अंगाने उतरून जावे, अशी ही सोय आहे. या तीन कोठारांत मिळून वरी, नागली आणि भात असे २५,००० खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. काही जण हा आकडा एकट्या गंगा कोठीचा धरतात. वीस मणांची एक खंडी या हिशेबाने हे पाच लक्ष मण होतात. मणाचे माप प्रांताप्रांतांत निराळे असे, हे खरे. तरीही आकडा छाती दडपविणारा आहे.

येथे ‘भात’ या शब्दावर थोडे थांबावयास हवे. लखनौत वाढलेल्या आपल्या मुलांना भात म्हणजे ताटात वाढलेला शिजलेला तांदूळ एवढेच ठाऊक असते. कोकणात व घाटमाथ्यावर शेतातल्या पिकालाही भात म्हणतात आणि सालीसकट असलेल्या दाण्यालाही भातच म्हणतात. इकडे ज्याला ‘धान’ म्हणतात ते हे. कोठारात तांदूळ न ठेवता भात ठेवीत, यात मोठा शहाणपणा होता. दाण्यावरचे तूस हे निसर्गाने दिलेले वेष्टन आहे. ते असेपर्यंत दमट हवा आणि पोरकिडे दाण्यापर्यंत सहजी पोहोचत नाहीत. कांडून तूस काढले की तांदूळ उघडा पडतो आणि त्याचे आयुष्य कमी होते. म्हणून साठवायचे भात, आणि लागेल तसे उखळात कांडून तांदूळ करावयाचा, अशी रीत होती. भाताजोडीला नागली ठेवीत, कारण योग्य रीतीने ठेवलेली नागली वर्षानुवर्षे टिकते. वरी ही डोंगरउताराच्या हलक्या जमिनीतही येते. म्हणजे कोठारात काय आहे ते पाहिले की भोवतालचा मुलूख डोळ्यांसमोर उभा राहतो : खोऱ्यांतील भातखाचरे, उतारावरची नागली-वरी, आणि चार महिने कोसळणारा पाऊस. हा पाऊस लागण्यापूर्वी वर्षाची बेगमी गडावर चढलीच पाहिजे, हा त्या काळचा नियम होता.

परंतु आमच्या मते अंबरखान्याचे खरे मर्म या भिंतींत नाही. कोठारांच्याच आवारात सरकारी कचेऱ्या होत्या, दारूकोठार होते व टाकसाळही होती. धान्य, दारू, नाणे आणि लेखणी या चार गोष्टी एका आवारात नांदत होत्या. यांतील पहिल्या तिहींकडे पर्यटक कौतुकाने पाहतो. चौथीची आठवण कोणास होत नाही, कारण कागद उरले तरी ते गडावर उरत नाहीत.

शिवकालीन गडाची कारभारव्यवस्था कृष्णाजी अनंत सभासद याने आपल्या बखरीत नोंदविली आहे. प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत, आणि तिघांचा दर्जा सारखा असे. गडावरील साठ्याचा, म्हणजे गल्ला, दारूगोळा व इतर जिनसांचा, जमाखर्च कारखानिसाकडे असे. हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी व दफ्तर, सरनोबताकडे शिबंदी आणि कारखानिसाकडे साठा, अशी ही वाटणी होती. एकट्या कोणाच्या हाती सारा गड नाही, हे तत्त्व या व्यवस्थेच्या मुळाशी आहे. एखादा फितूर झाला तरी गड जाऊ नये, हा हेतू तर होताच. पण त्याचे आणखी एक फळ असे की, एखादा मेला तरी गडाची माहिती त्याच्याबरोबर मरत नसे.

धान्य मोजण्याची आपली जुनी पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या व्यवस्थेचा गाभा चटकन कळेल. रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात, आणि मग दोन, तीन असा आकडा मोठ्याने पुकारतात. तो मोठ्याने पुकारण्यात अर्थ आहे. मोजणारा एक, ऐकणारे चार आणि लिहिणारा पाचवा. मोजलेले धान्य पाच जणांच्या स्मरणात आणि एका कागदावर जमा होते.

चिपळूणजवळ हलवर्णच्या तळावर असलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी तळावर दाणा-वैरण भरून दिलेली आहे. ती पावसाळा पुरेल अशा बेताने वापरावी, नाहीतर अर्ध्या पावसातच संपेल, घोडी उपाशी मरतील, आणि मग लोक कुणब्यांच्या घरून दाणे, गवत, भाजी उचलू लागतील, असा इशारा त्यात आहे. दिव्याची पेटती वात उंदराने नेऊन गवताला आग लागेल, इथपर्यंत बारीक विचार त्या पत्रात आहे. साठा कोठे आहे, किती आहे, तो किती दिवस पुरवायचा आहे आणि तो संपला तर हानी कोणाची होईल, हे चारही प्रश्न राजाने स्वतः विचारले आहेत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘रयतेची’ हे आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही किल्ल्यांविषयी असाच तपशील आढळतो. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, भिंतींत फटी राहू देऊ नयेत, म्हणजे उंदीर, विंचू, किडा-मुंगी यांना थारा मिळणार नाही, अशा सूचना तेथे आहेत. या अमात्यांची समाधी पन्हाळ्यावरच आहे. अंबरखान्याच्या सावलीत ज्याने कारभार पाहिला, त्याला उंदराचे भय किती खरे असते हे कोणी सांगावयास नको होते.

या व्यवस्थेची कसोटी १६६० साली लागली. त्या वर्षी मार्चमध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. महाराज गडावरच होते. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला आले. उन्हाळा सरला, पावसाळा लागला, तरी वेढा ढिला होईना. सुमारे चार महिने गडाची दारे बंद होती. अखेर १२ जुलैला, आषाढी पौर्णिमेच्या रात्री, महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले. शिवा काशीद आणि बाजीप्रभू देशपांडे यांची बलिदाने त्या रात्रीची आणि दुसऱ्या दिवसाची. ती कथा प्रत्येक मराठी मुलाला पाठ आहे. परंतु त्या पराक्रमाच्या आधीचे चार महिने कोणी पाठ करीत नाही. ते गंगा, यमुना, सरस्वती यांच्या पोटातील धान्यावर आणि दररोज ते मोजून देणाऱ्या अनामिक कारकुनांच्या बेतावर निभावले गेले. महाराज निसटल्यानंतरही गड काही काळ लढत राहिला आणि मग त्याच वर्षी तहाने आदिलशाहीकडे गेला. १६७३ च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंदने साठ माणसांनिशी तो पुन्हा स्वराज्यात आणला.

कोठाराहून कचेरी मोठी, हे पन्हाळ्याला पुढे आणखी एकदा कळले, आणि या वेळी फार कटू रीतीने कळले. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात इंग्रजांच्या सल्ल्याने कारभार पाहणारे दाजी कृष्ण पंडित यांनी गडांवरची कचेरी मोडून गडकऱ्यांच्या जमिनी सपाटीवरच्या मामलेदारांच्या ताब्यात दिल्या. पिढ्यान्पिढ्या गड राखणाऱ्या आणि त्याबद्दल इनाम जमीन खाणाऱ्या गडकऱ्यांना आपला हिशेब दुसऱ्या दफ्तरात गेल्याचे दिसले. आधी सामानगडाने दरवाजे लावून घेतले, मग बंड भुदरगड-पन्हाळ्यापर्यंत पसरले. साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हन्स यांना बंडवाल्यांनी पन्हाळ्यावर कैदेत ठेवले. १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रजी फौजेने तट फोडून गड घेतला आणि पुढे तटबंदी पाडून टाकली. चार दरवाजा त्यातच गेला. अंबरखाना मात्र उभा राहिला. भिंती राहिल्या आणि त्यांना अर्थ देणारी कचेरी गेली.

आता आपण लखनौकडे वळू. धान्य आणि इमारत यांचे नाते या शहराला परके नाही. १७८४ च्या दुष्काळात नवाब आसफुद्दौला यांनी बडा इमामबाडा बांधावयास काढला, तो लोकांना काम व त्यातून अन्न मिळावे म्हणून, हे सर्वश्रुत आहे. किफायतुल्लाच्या देखरेखीखाली उभारलेल्या त्या प्रचंड दालनाला कोठेही तुळई वा खांबाचा आधार नाही. दिवसा गरिबांनी बांधावे आणि रात्रीच्या अंधारात, तोंड दिसू नये अशा बेताने, खालावलेल्या खानदानी लोकांनी काम करावे, अशी आख्यायिका इथे घरोघरी सांगतात. ज्याला देव देत नाही त्यालाही आसफुद्दौला देतो, ही म्हण त्यातूनच आली. त्या इमारतीने धान्य साठविले नाही. तिने ते वाटले.

रेसिडेन्सीची गोष्ट निराळी. नवाबांच्या दरबारी कंपनीचा जो वकील असे त्याच्यासाठी ही वास्तू आसफुद्दौलांच्या काळी सुरू होऊन सआदत अलीखानांच्या काळी, १८०० च्या सुमारास, पुरी झाली. आज आपण तिला वास्तू म्हणतो, पण ती मुळात एक कचेरी होती : करारमदार, खलिते, कर्जाचे आणि खंडणीचे हिशेब यांची कचेरी. १८५६ च्या फेब्रुवारीत कंपनीने अवध खालसा केले, वाजिद अली शाह कलकत्त्याकडे गेले, आणि रेसिडेन्सीत चीफ कमिशनर येऊन बसला. मार्च १८५७ पासून हे पद सर हेन्री लॉरेन्स यांच्याकडे होते.

लॉरेन्स दूरदृष्टीचा माणूस होता, हे त्याच्या शत्रूंनीही मान्य करावे. मे महिन्यात मेरठची बातमी येताच त्याने रेसिडेन्सीच्या आवाराला मोर्चे बांधले, तोफा लावल्या आणि धान्य भरावयास सुरुवात केली. ३० जूनला चिनहटला त्याचा पराभव झाला व त्याच दिवशी वेढा पडला. २ जुलैला तोफेचा गोळा त्याच्या खोलीत फुटला आणि ४ जुलैला तो मरण पावला. दुसऱ्याच दिवशी, ५ जुलैला, बेगम हजरत महल यांच्या पुत्राला, बिरजिस कद्रला, नवाबीची वस्त्रे मिळाली. स्वातंत्र्ययुद्धाचे लखनौतील पर्व खऱ्या अर्थाने येथे सुरू झाले.

आवारात सुमारे ३,००० माणसे अडकली होती. लढणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे हिंदी शिपाई होते. बायका, मुले आणि नोकरचाकर वेगळे. लष्करी सूत्रे कर्नल इंग्लिस यांच्याकडे आली. धान्य झपाट्याने संपत आहे अशी त्यांची समजूत झाली व शिधा अर्ध्यावर आणला गेला. तोफा ओढणारे बैल कापून खाल्ले. अंगद नावाचा एक पेन्शनर शिपाई जीव मुठीत धरून वेढ्यातून कानपूरकडे निरोप पोहोचवीत असे. १६ ऑगस्टला इंग्लिसने हॅवलॉकला कळविले की, अर्ध्या शिध्यावरही साठा जेमतेम १० सप्टेंबरपर्यंत पुरेल. कानपुरात नानासाहेब पेशव्यांच्या फौजांशी झुंजून दमलेल्या हॅवलॉकच्या सैन्याला या पत्राने घाई केली. २५ सप्टेंबरला हॅवलॉक व औट्रम यांची फौज लखनौच्या गल्ल्यांतून रेटीत रेसिडेन्सीत शिरली. त्यात त्यांची सुमारे ५३५ माणसे ठार किंवा जखमी झाली. जनरल नील त्याच दिवशी पडला.

आणि आत गेल्यावर काय आढळावे? रेसिडेन्सीच्या इमारतीखाली एवढा साठा निघाला की, आत असलेली जुनी-नवी सारी माणसे त्यावर आणखी दोन महिने राहू शकली! लॉरेन्सने तो भरून ठेवला होता, पण हाताखालच्यांना सांगण्यापूर्वीच तो गेला, असे इतिहासकार नमूद करतात. सर्वांना घेऊन ताबडतोब बाहेर पडावयाचे हा औट्रमचा मूळ बेत होता. साठा सापडला, तेव्हा तो बदलून तेथेच ठाण मांडावयाचे ठरले. नोव्हेंबरच्या मध्यास सर कॉलिन कॅम्पबेलची फौज येईपर्यंत ते तेथेच होते.

या एका गोष्टीवर आम्ही वारंवार विचार केला आहे. ज्या सैन्यावर ही वेळ आली ते आपल्या देशाशी लढणारे सैन्य होते. त्याच्या अडचणीबद्दल हळहळावे असे आम्हांला वाटत नाही. परंतु ८७ दिवस त्या आवारात अर्धपोटी राहिलेल्यांत हिंदी शिपाई होते, त्यांचे नोकर होते, तान्ही मुले होती. त्यांच्या पायांखाली अन्न होते आणि त्यांना ते ठाऊक नव्हते. कोठी भरलेली होती, फक्त तिची कीर्द कोणाजवळ नव्हती. कचेरीचा सारा संसार असलेल्या इमारतीत, जेथे प्रत्येक खलित्याची नक्कल होत असे, तेथे सर्वांत मोलाच्या साठ्याची नोंद एका माणसाच्या डोक्यात राहिली आणि तोफेच्या एका गोळ्याने ती पुसून टाकली.

पन्हाळ्याच्या व्यवस्थेशी ही गोष्ट ताडून पाहावी. तेथे हवालदार पडला तर सबनीस होता, सबनीस पडला तर कारखानीस होता, आणि तिघेही पडले तरी आकडा मोठ्याने पुकारलेला ऐकणारे हमाल होते. मराठ्यांचे सारेच चोख आणि इंग्रजांचे सारेच गबाळे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. आपल्याकडेही दफ्तरे सडली, वाळवीने खाल्ली, भाऊबंदकीत जळाली. इंग्रजांनी तर कागद जपण्यात जगाला धडा घालून दिला. मुद्दा जातीचा नाही, रीतीचा आहे. संकट आले की माणूस धावपळीत साठा करतो आणि नोंद ‘नंतर करू’ म्हणून ठेवून देतो. तो ‘नंतर’ कधी कधी उगवत नाही.

स्वतंत्र भारतात हे काम पुन्हा एका मोठ्या कचेरीकडे आले. जानेवारी १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ सुरू झाले, तेव्हा त्याचे पहिले जिल्हा कार्यालय तंजावरास उघडले. कावेरीच्या भातखोऱ्याचे ते केंद्र. याच तंजावरात व्यंकोजीराजांपासून पावणेदोनशे वर्षे भोसल्यांचे राज्य होते, आणि त्यांच्या मोडी दफ्तरातील हजारो कागद आजही तेथे सांभाळलेले आहेत. भाताचे कोठार आणि मराठी दफ्तर यांची सांगड पन्हाळ्याहून इतक्या दूर, तमिळ मुलखात, पुन्हा दिसावी, हा योगायोग आम्हांला मोठा सुखावह वाटतो.

या दोन वास्तूंची आजची स्थितीही निराळी आहे. रेसिडेन्सी भग्नावस्थेतच जपलेली आहे. तोफगोळ्यांच्या खुणा अंगावर वागवीत ती बागेत उभी आहे, आणि आपल्यापैकी कित्येकांची मुले सुटीच्या दिवशी तेथील हिरवळीवर खेळतात. पन्हाळा २०२५ च्या जुलैत ‘मराठा सैनिकी भूदृश्ये’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक ठरला. आता गंगा कोठी पाहावयास दूरदूरचे लोक येतील. गच्चीवरचा जिना ते चढतील, छतातले भोक वाकून पाहतील. कोणी तरी त्यांना हेही सांगावयास हवे की, त्या भोकाशी एक कारकून बसत असला पाहिजे.

सुवर्णमहोत्सव म्हणजे एका अर्थी कोठी उघडून पाहण्याचाच दिवस. परमुलखातील मंडळाजवळ धान्य नसते, पण साठा असतो. गणेशोत्सवांची पन्नास वर्षे, बसविलेली नाटके, जमविलेली पुस्तके, नोकरीच्या बदलीने आलेल्या अनोळखी कुटुंबाला पहिल्या रात्री कोणी जेवू घातले, आजारपणात कोण रात्रभर बसले, वर्गणीची पै पै कोणी दारोदार फिरून गोळा केली, हा तो साठा होय. त्यातला पुष्कळसा भाग एकेका वृद्ध सभासदाच्या डोक्यात आहे आणि कोठेही लिहिलेला नाही. ही माणसे एक एक करून जात आहेत. प्रत्येकाबरोबर एकेका कोठाराची वाट बुजते आहे, आणि वर राहणाऱ्या नव्या पिढीला वाटते की, आपल्याजवळ फारसे काही नाही, आपण उपाशीच आहोत.

म्हणून या प्रसंगी मंडळाला आमची एकच सूचना आहे. सत्कार, शाली, श्रीफळे हे सारे यथासांग व्हावे, पण त्याबरोबर एक साधी जाड वही आणावी. दर महिन्याला एका जुन्या सभासदाकडे दोन तरुणांनी जावे. एकाने विचारावे, दुसऱ्याने लिहावे, आणि लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवावे, म्हणजे ते तिघांच्या स्मरणात आणि एका कागदावर जमा होईल. पहिल्या पानावर आकडा घालताना ‘एक’ लिहू नये. आपल्या रिवाजाप्रमाणे ‘लाभ’ असे लिहावे.